गांजाचे पंचांग

हिंदुस्थानातील इंग्रजी अमदानीचा महसुली इतिहास लिहिताना अफू, नीळ आणि कापूस यांना जो मान मिळाला तो गांजाच्या वाट्यास कधीच आला नाही. आणि ज्या मालाचे गिऱ्हाईक मुख्यत्वे बैरागी, फकीर आणि कष्टकरी मजूर, त्याविषयी चार पाने लिहावीत असे आमच्या सुशिक्षितांस वाटले नाही, यात नवल करण्यासारखेही काही नाही. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या उपेक्षित पिकाची जी बारीक चौकशी झाली, तशी चौकशी पुष्कळ प्रतिष्ठित पिकांच्याही नशिबी आलेली नाही. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात गांजाभांगेच्या दुष्परिणामांचा प्रश्न निघाला, त्याच वर्षी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचे कमिशन नेमले गेले, त्याने देशभर हिंडून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे टिपून घेतले, आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल सरकारास सादर करून असे मत दिले की, बेताच्या सेवनाने म्हणण्यासारखा अपाय होत नाही, सबब सरसकट बंदी घालू नये, कर व परवाने यांच्याद्वारे नियंत्रण तेवढे ठेवावे.

या अहवालातील वैद्यकीय आणि नैतिक प्रकरणांचा उल्लेख अद्याप वारंवार होतो. शेतीविषयक प्रकरणे मात्र कोणी उघडत नाही. वस्तुतः त्यांतच या व्यवसायाचे खरे मर्म सापडते, कारण गांजाचा सारा धंदा, कुळाच्या वाफ्यापासून सरकारी गोदामापर्यंत, एका पंचांगावर चालत होता आणि ते पंचांग सूर्याच्या हातचे होते. अलीकडे पाश्चात्त्य देशांत गांजाची जी आपोआप फुलणारी, ऑटोफ्लॉवर नावाची जात प्रसृत झाली आहे, तिने हे पंचांग मोडले. आणि ते मोडल्याची पहिली शिक्षा भोगावी लागते ती बालपणी खुरटलेल्या रोपाला. ही गोष्ट नीट समजावयाची तर आधी नौगावास जावे लागते.

नौगाव हे त्या वेळच्या बंगालमधील राजशाही जिल्ह्यातले ठिकाण, आज बांगलादेशात आहे. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात तेथे सुमारे १६ मैल त्रिज्येचे एक मंडळ आखून, बंगाल इलाख्यात गांजाची लागवड करावयाची ती एवढ्यातच, असा सरकारने निर्बंध केला होता, आणि या टापूस गांजा महाल अशी संज्ञा होती. या महालाची पहिली सविस्तर पाहणी बाबू हेमचंद्र कर या बंगाली अंमलदाराने करून १८७७ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे कमिशनच्याच सुमारास, १८९३ साली, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील शास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी दुसरा अहवाल लिहिला. एक महसुली नोकरीत मुरलेला, दुसरा वनस्पतिशास्त्राचा पंडित. तरी दोघांच्याही लेखणीतून वाफ्यातल्या चिखलाचा वास येतो, हे त्या काळच्या सरकारी दप्तरांविषयी मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

महालातील कूळ चैत्र-वैशाखापासूनच निवडलेल्या जमिनीची मशागत करू लागे, परंतु बी पडे ते श्रावणात, आणि तेही शेतात नव्हे, तर पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावरील हलक्या जमिनीच्या वाफ्यात. रोपे वीतभर ते हातभर झाली, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, ती उपटून मुख्य शेतातील सरींच्या वरंब्यांवर लावीत. त्या लावणीत रोपाचे हाल होत हे सांगावयास नकोच. गांजाच्या झाडाचे सोटमूळ नाजूक असते. ते हलविले की पाने मान टाकतात, वाढ काही काळ थबकते, आणि पावसाची एखादी उशिरा आलेली सर वरंब्यात मुरली तर मुळे कुजण्याचीही भीती असते. तरीसुद्धा कुळे निर्धास्तपणे लावणी करीत, पिढ्यान्‌पिढ्या करीत आली होती. कारण अनुभवाने त्यांना ठाऊक होते की थबकलेले रोप पुन्हा मूळ धरते, कार्तिकापर्यंत त्यास फांद्या फुटतात, आणि फुलोरा तर त्यानंतरच यावयाचा असतो. रोप आठ दिवस मागे पडले काय किंवा पंधरा दिवस, फुलोऱ्याचा मुहूर्त काही त्याच्या वयावरून ठरत नव्हता.

नौगाव सुमारे २५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे ज्येष्ठात दिवस साडेतेरा तासांहून थोडा मोठा होतो आणि मार्गशीर्षात साडेदहा तासांवर येतो. या तीन तासांच्या घटीवरच बंगालच्या गांजाचे सारे आयुष्य बेतलेले होते: रात्री पुरेशा लांबल्या की झाडाने वाढ आवरती घ्यावी आणि फुलावे, तोपर्यंत नुसते वाढत राहावे. श्रावणात पेरलेल्या बियाला यामुळे कित्येक आठवड्यांची सवड मिळे, आणि वाफ्यात उपासमार झालेले, किड्याने कुरतडलेले किंवा लावणीत दुखावलेले रोप त्या सवडीत आपली तूट भरून काढी. सगळीच तूट भरून निघे असे नव्हे. अगदीच मरगळलेली रोपे निवडीतच बाजूस पडत. पण रोगट आणि मंद यांतला भेद करावयास कुळास वेळ मिळे, ही सूर्याची मेहेरबानी होती.

कार्तिक-मार्गशीर्षात महालात एका विलक्षण माणसाचा संचार सुरू होई. त्यास परखदार किंवा पोद्दार म्हणत. गांजात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराचा पराग मादीच्या तुऱ्यावर पडला की तुऱ्यात बी धरते आणि राळ कमी होऊन माल हलका ठरतो. तेव्हा फुले उमलण्यापूर्वीच, कळीच्या अगदी पहिल्या खुणेवरून नर ओळखून तो छाटून टाकणे हे परखदाराचे काम. सरीसरीतून वाकून चालावे, खोडाला जेथे पान फुटते त्या बेचक्यात पाहावे, आणि साध्या डोळ्यांस जेथे दोन हिरवे ठिपके दिसत तेथे नर की मादी याचा निवाडा देऊन पुढे व्हावे. एकदा फेरी मारून भागत नसे, कारण मागे राहिलेली झाडे आपले लिंग उशिरा उघड करीत. म्हणून तो पुन्हा पुन्हा येई, आणि कुळे त्याची मजुरी आपल्या पदरची देत. इंग्रज अंमलदारांनी त्यास गांजा डॉक्टर अशी पदवी बहाल केली होती. सरकारचा लक्षावधी रुपयांचा महसूल एका निरक्षर माणसाच्या नजरेवर अवलंबून असावा, याची थट्टा त्या नावात असेल. मला तरी त्यात आदर अधिक दिसतो.

माघाच्या सुमारास कापणी होई. कापलेले तुरे उन्हात पसरून, मग गोलाकार रचून, माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते पायांखाली तुडवीत, थर उलटवीत आणि पुन्हा तुडवीत. राळेने तुरे एकमेकांस चिकटून सपाट झाले की तो चपटा गांजा, पायाखाली लाटून गोल केला तर गोल गांजा, आणि या सगळ्या उठाठेवीत गळून पडलेला तो चूर. पुढची हकीगत कागदांची आहे: परवाना, वजन, सरकारी गोदामातील भरती, जकातीचा भरणा, रवन्ना म्हणजे वाहतुकीचा दाखला, आणि वाटेत माल कमी भरल्यास त्याचा जाबजबाब. कोणत्या महिन्यात कारकुनाने शेते मोजावयाची, कोणत्या महिन्यात पहारे वाढवावयाचे, गोदामे केव्हा रिती ठेवावयाची, हे सर्व त्या एका फुलोऱ्याच्या मुहूर्तावरून ठरलेले असे. हजारो कुळांची झाडे एकाच पंधरवड्यात फुलतात म्हणूनच एवढ्या मोठ्या टापूवर मूठभर अंमलदारांस नजर ठेवता येत होती. १९१७ साली येथील कुळांनी सहकारी संस्था काढून अडत्यांच्या हातून विक्री आपल्याकडे घेतली, आणि ती संस्था बंगालमधील सहकाराच्या इतिहासात नावाजली गेली, हा भाग स्वतंत्र लेखाचा आहे.

आपल्या मुलखातही हे पीक परके नव्हते. मुंबई इलाख्यात कमिशनला गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर आणि सातारा या जिल्ह्यांत आढळली. मध्य प्रांतात ती निमाड जिल्ह्यातील खांडव्याच्या आसपास एकवटलेली होती. दख्खनेत अंमलाचा जोर बंगालसारखा शेतावर नव्हता; १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने बंधने आली ती विशेषेकरून विक्री, साठा आणि वाहतूक यांवर, आणि मक्तेदार कुळांकडून माल विकत घेत. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नाव या वनस्पतीशी आणखीही एका आडवळणाने जोडलेले आहे. गोव्यास स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी उपचारांसाठी जात असे. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप औषधिग्रंथात भांगेस एक स्वतंत्र संवाद दिला असून, गुजरातच्या बहादूरशहाने भांगेच्या योगाने रात्री पोर्तुगाल, ब्राझील आणि तुर्कस्थानची सफर घडते अशी कबुली दिल्याची गंमतही त्यात नोंदली आहे. ओर्ताला नशा दिसली, बी दिसले, पान दिसले. झाड केव्हा फुलते आणि का, हा प्रश्न त्याच्या काळात कोणास पडण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न पडला पॅरिसमध्ये, आणि पडला तोसुद्धा एका खुज्या झाडामुळे. ज्युलियँ तुर्नवा नावाचा तरुण फ्रेंच संशोधक १९१० नंतरच्या वर्षांत हॉप आणि गांजा या एकाच वनस्पतिकुळातील वनस्पतींवर काम करीत असता त्याच्या ध्यानात आले की, ऐन हिवाळ्यात काचघरात पेरलेल्या बियांची रोपे चार पाने फुटतात न फुटतात तोच फुलू लागतात. उन्हाळ्यात पुरुषभर वाढणारी वनस्पती हिवाळ्यात बोटभर असतानाच म्हातारी व्हावी, हे काय गौडबंगाल? उष्णता, ओल, खत अशी सर्व कारणे तपासून १९१४ पर्यंत तो अशा निष्कर्षास पोहोचला की अकाली फुलोऱ्याचे कारण दिवसाचे आखूडपण, आणि त्याहूनही रात्रीचे लांबपण, हे असावे. त्याच वर्षी युद्ध पेटले, तुर्नवा त्यात मारला गेला, आणि त्याचे काम अर्धे राहिले. पुढे १९१८ च्या जुलैत अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी न फुलता वाढतच राहणाऱ्या तंबाखूच्या कुंड्या एका लहानशा अंधाऱ्या खोपटात रोज दुपारी ढकलून तिची रात्र लांबविली, तेव्हा ती भर उन्हाळ्यात फुलली. आणि १९२० साली त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाल्यावर दिवसमानाचा हा नियम शास्त्रमान्य झाला. नौगावच्या कुळांनी तो नियम आपल्या श्रावण-माघात कधीचाच बसविला होता, इतकेच.

यानंतर चारच वर्षांनी या नियमाला अपवाद असलेली वनस्पती कागदावर आली. व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह येथील वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्हस्की याने १९२४ साली रस्त्याकडेला, उकिरड्यांवर आणि पडीत जमिनीत उगवणाऱ्या रानटी गांजाचे वर्णन करून त्यास कॅनाबिस रुडेरालिस हे नाव दिले. रुडेरालिस म्हणजे पडझडीच्या जागी वाढणारी. लिनियसने १७५३ साली सतिवा आणि लामार्कने १७८५ साली भारतातील नमुन्यांवरून इंडिका अशी नावे दिल्यानंतरचे हे तिसरे नाव. ती स्वतंत्र जात मानावी की एकाच जातीची रानटी शाखा, हा वाद शास्त्रज्ञांत अजून मिटलेला नाही, आणि आपणास त्यात पडण्याचे प्रयोजनही नाही. तिचे शील मात्र पाहण्यासारखे आहे. झाड गुडघाभर ते मांडीभर, फांद्या नावाला, राळ बेताची, बी पिकताक्षणी आपोआप गळून मातीत मिसळणारे. सारातोव्ह ५१ अंशांच्याही उत्तरेस आहे. तेथे उन्हाळी दिवस साडेसोळा तासांचा असतो, आणि रात्री पुरेशा लांबतात न लांबतात तोच हिम पडू लागते. लांब रात्रीची वाट पाहात बसणाऱ्या झाडाचा तेथे निर्वंश व्हावयाचा. म्हणून या वनस्पतीने सूर्याकडे पाहण्याचे सोडून आपले वय मोजण्यास आरंभ केला: उगवल्यापासून काही आठवडे लोटले की फुलावयाचे, मग दिवस मोठा असो वा लहान, अंगात बळ असो वा नसो.

हे शेवटचे कलम पुढे महत्त्वाचे ठरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिका आणि युरोप येथील हौशी आणि चोरट्या उत्पादकांनी या रानटी शाखेचा संकर भरघोस राळेच्या जातींशी करण्याचा खटाटोप सुरू केला. आपोआप फुलण्याचा गुण अप्रभावी असल्याने पहिल्या पिढीत तो लपतो आणि दुसऱ्या पिढीत साधारण चौथ्या हिश्शास प्रकट होतो. तो पकडून स्थिर करण्यास पुष्कळ पिढ्या लागल्या. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी लोरायडर नावाचे एक ठेंगणे वाण बाजारात आले आणि तेथून ऑटोफ्लॉवर जातींचा प्रसार झाला. उगवल्यानंतर तीन-चार आठवड्यांत फुलोरा आणि सुमारे दहा-बारा आठवड्यांत कापणी, असे तिचे आयुष्य. जेथे कायद्याने हे पीक मोकळे झाले तेथे हंगामाची अडचण सरली, आणि जेथे झाले नाही तेथे लपविणे सोपे झाले. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर हा प्रश्न न्यायालयाच्या अखत्यारीतला आहे.

परंतु वयावर चालणाऱ्या झाडाजवळ सवड नसते. दिवसमानावर फुलणाऱ्या जातीचे रोप पहिल्या पंधरवड्यात थंडीने गारठले, पाण्याने गुदमरले किंवा लावणीत मूळ तुटल्याने थांबले, तर त्याचे नुकसान कालांतराने भरून येते, कारण फुलोऱ्याची तारीख बाहेरून यावयाची असते. ऑटोफ्लॉवरच्या रोपावर तीच आपत्ती आली तर ते दहा दिवस थांबते, परंतु त्याचे घड्याळ थांबत नाही. मूळ पसरले नाही, पेरी थोडी पडली, आणि एवढ्यात फुलण्याचा दिवस उजाडला. फुलोरा पेरापेराशी येतो. पेरी कमी म्हणजे तुरे कमी. फूल धरल्यावरही काही दिवस खोड उंच होते, त्यात थोडीफार भरपाई होते, आणि दुखावलेल्या रोपाचा फुलोरा काही दिवस पुढेमागेही होतो. पण ही सवलत दिवसांची असते, नौगावच्या कुळास मिळे तशी महिन्यांची नसते. याच कारणाने या जातीचे जाणते उत्पादक वाफ्यातून लावणी करण्याचे टाळतात आणि बी जेथे झाड वाढवावयाचे तेथेच टाकतात. महालातील सगळ्या व्यवसायाचा जो पाया होता, वाफा आणि लावणी, तोच येथे घातक ठरला.

कोकणातल्या भातकऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताचा तरवा (लावणीची रोपे) पाऊस लांबल्यामुळे वाफ्यात थोडा जून झाला तरी तो निभावून नेतो. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताचा तरवा तसाच अडकून पडला तर लावल्यावर फुटवे न धरताच पोटरीस येतो आणि हाती पेंढाच अधिक लागतो. म्हणून लावणीच्या गर्दीत हळव्याची खाचरे आधी उरकावी असा घरोघरचा शिरस्ता.

माझे मत असे आहे की खुरटलेल्या ऑटोफ्लॉवर झाडाविषयी उत्पादक जो शोक करतो, तो मालकाच्या दृष्टीने रास्त असला तरी झाडाच्या दृष्टीने निराधार आहे. व्होल्गाकाठच्या उकिरड्यावर वीतभर उंचीच्या रोपाने वेळेवर फुलून मूठभर बी टाकले तर त्याचा संसार सुफळ झाला. त्या रोपाला थांबून मोठे व्हावयास शिकविले असते तर ते हिमात मेले असते. मनुष्याने या वनस्पतीकडून तिची घाई उसनी घेतली आणि वर विशालतेची अपेक्षा ठेवली.

ही घाई जेथे खरोखरी उपयोगी पडली तो प्रांत निराळाच आहे. सारातोव्हमध्येच काही वर्षे अध्यापन केलेल्या निकोलाय व्हाविलोव्ह यांनी लेनिनग्राडच्या संस्थेत जगभरच्या पिकांच्या बियांचा जो संग्रह उभा केला, त्यात हेम्पच्या, म्हणजे याच वनस्पतीच्या तंतुमय भाईबंदांच्या, बियाही होत्या. व्हाविलोव्ह स्वतः राजकीय कैदी म्हणून १९४३ साली सारातोव्हच्याच तुरुंगात मरण पावले, पण संग्रह लेनिनग्राडच्या वेढ्यातूनही बचावला. १९९० नंतरच्या दशकात त्या संग्रहातील ३१३ आणि ३१५ क्रमांकांच्या, उत्तरेकडील लवकर पिकणाऱ्या दोन वाणांपासून फिनलंडमध्ये एक तेलबियांचे वाण सिद्ध करण्यात आले, आणि दोहोंच्या मधला आकडा घेऊन त्यास फिन-३१४ असे नाव पडले. बाजारात ते फिनोला या नावाने ओळखले जाते. त्यात नशा आणणारे द्रव्य नगण्य असते. वसंताच्या अखेरीस पेरणी, हिम पडण्याच्या आत कापणी, आणि झाडे इतकी बेताच्या उंचीची की गहू-जवासाठी घेतलेले कापणीयंत्र काहीही फेरफार न करता त्या शेतात घालता येते. उंच हेम्पचे चिवट तंतू यंत्राच्या दांड्यांत गुंडाळून ते बंद पाडीत, हा पूर्वीचा त्रास त्यामुळे राहिला नाही, आणि कॅनडातील गव्हाच्या शेतकऱ्यांनी ते वाण स्वीकारले त्यास हेही एक कारण झाले.